मंडळीत वाकडं आलं की आधी या चुका टाळा

बावीस वर्षं मी आमच्या मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चमधल्या ख्रिस्ती लोकांच्या समूहाचा, सेक्रेटरी होतो. मंडळी लहान, पंचेचाळीस घरांची. चर्च जांभ्या चिऱ्याचं, समुद्राच्या इतकं जवळ की जूनमध्ये वाचन ऐकू यायचं तर पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. या काळात चार पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले नि बदलून गेले. भांडणं मात्र तीच राहिली, फक्त भांडणारी माणसं बदलली.

कोकणात ख्रिस्ती मंडळी काही काल-परवाची नाही. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, पुढे हर्णैला त्यांचं काम चाललं. दोनशे वर्षं म्हणजे लोणचं मुरायला पुष्कळ झाली. आमच्याकडे रुसवेही तसेच मुरतात. आता मंडळीचा कारभार बघणारे नवे पंच निवडून आलेत, उत्साही आहेत, आणि पहिल्या दोन महिन्यांतच त्यांनी आम्ही केलेल्या सगळ्या चुका करून दाखवल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याला सोडून सगळ्यांशी बोलणं

बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या मुलांच्या धर्मवर्गातल्या, पोराला कळतील इतक्या साफ दिल्यात. भावाने अपराध केला तर आधी तू आणि तो, दोघंच. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घे. तरी नाही तर मंडळीला सांग. आम्ही हा जिना वरून उतरतो. आधी सगळ्या मंडळीला, मग मुंबईला, मग बिशपसाहेबांना, आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, त्या माणसाला.

दुसऱ्यांचं सांगत नाही. माझंच सांगतो.

भात झोडून झालं की नोव्हेंबरात आमच्याकडे हार्वेस्ट, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण, असतो. लोक घरचं आणतात. नवे तांदूळ, नारळ, सुपारी, केळीचा घड, सुरण, एखादा गावठी कोंबडा. उपासना झाली की आवारात लिलाव. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली बोलींची बेरीज माझ्या वहीत १८,४०० रुपये आली आणि खजिनदारांनी बँकेत भरले १४,९००. साडेतीन हजारांचा फरक.

खजिनदार म्हणजे आमचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं घर माझ्यापासून दोन वाड्या पलीकडे, चालत सात मिनिटं. मी चाललो नाही. मी फोन केला नालासोपाऱ्याला, चुलतभावाला. आणि वर म्हटलं, "तू कुणाला बोलू नकोस हां." कोकणात टपाल उशिरा पोचेल, पण या वाक्याला जोडून सांगितलेली गोष्ट कधी उशिरा पोचलेली नाही. नाताळाला चाकरमानी उतरले तोवर साडेतीन हजारांचे पस्तीस हजार झाले होते. जानेवारीत वार्षिक सभेत एकाने उभं राहून विचारलं, "मास्तरांच्या पडवीला नवीन लाद्या कशातून बसल्या?"

मास्तर काही बोलले नाहीत. पावतीपुस्तक, वही आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, चष्मा काढून खिशात घातला आणि निघून गेले.

सभा मोडल्यावर मी वही उघडली. मागच्या पानावर पेन्सिलीने यादी होती, मास्तरांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. सुरण, २२०, बाकी. केळीचा घड, ३००, बाकी. अकरा नावं होती. सातव्या ओळीत गावठी कोंबडा, ८५०, बाकी, आणि पुढे माझं नाव. त्या रात्री पाहुणे आले म्हणून कोंबडा कापला होता. "पैसे रविवारी देतो" म्हणालो होतो आणि साफ विसरलो होतो.

मास्तरांकडे जायला मला तीन आठवडे लागले. ते एवढंच म्हणाले, "अरे, तू दारात येऊन विचारलं असतंस तर दाखवलंच असतं. चारचौघांत कुणाचं नाव नको म्हणून तर पेन्सिलीने लिहिलं होतं." पुढे वर्षभर ते उपासनेला आले, पण आत बसले नाहीत. बाहेर कट्ट्यावर बसून ऐकायचे. खजिनदारकी त्यांनी परत घेतली नाही, आणि त्यानंतरचे हिशेब कसे झाले ते विचारू नका.

तेव्हापासून माझी सवय अशी: कुणाबद्दल पोटात काही आलं की त्याच्या घरी जायचं. चालत. रविवारी नाही, कारण रविवारी सगळे इस्त्रीचे कपडे घालून असतात आणि मनंही तशीच कडक असतात. संध्याकाळच्या चहाच्या वेळी जायचं आणि आरोप न करता विचारायचं, "हा आकडा मला जुळत नाही, माझं कुठे चुकतंय का बघा." दहातल्या सात वेळा माझंच चुकलेलं निघतं. व्हॉट्सॲपवर 'जय ख्रिस्त' पाठवा, वाढदिवसाचा केक पाठवा, तक्रार नको. नव्या पंचांना हे हळू वाटतं. हळूच आहे.

एका गोष्टीला मात्र ही पायरी लावू नका. लहान मुलाशी कुणी गैर वागलं, कुणा बाईवर हात टाकला, तर "आधी तुम्ही दोघं एकांतात बोला" हा सल्ला देणं हेच पाप आहे. मुलांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, लपवलं तर त्याला शिक्षा आहे. मग समोर पाळक असो, पंच असो, की मंडळीला जमीन देणाऱ्याचा नातू असो. "मंडळीचं नाव जाईल" म्हणणाऱ्याला सरळ बाजूला करा.

पाळकांना एकतर देव्हाऱ्यात बसवणं, नाहीतर गडी समजणं

दोन्ही गटांकडे वचनं तयार असतात. पहिला गट स्तोत्र १०५ काढतो, अभिषिक्तांना, म्हणजे देवाने नेमलेल्यांना, हात लावू नका म्हणून. बाबांनो, ते स्तोत्र अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे. परक्या मुलखात फिरणाऱ्या त्या मूठभर लोकांना राजांनी छळू नये म्हणून. पाळकांना हिशेब विचारू नये असं त्यात कुठे आहे? दावीद तर अभिषिक्त राजा होता, तरी नाथान संदेष्टा त्याची चूक त्याच्या तोंडावर बोलला. प्रेषित पौलाने अंत्युखिया शहरात येशूच्या प्रमुख शिष्याला, पेत्राला, समोरासमोर विरोध केला. इब्री १३:१७, अधीन राहा, हे आमच्याकडे भिंतीवर लावलेलं सापडेल. पण १ पेत्र ५:३, कळपावर धनीपणा करू नका, हे कुणी भिंतीवर लावल्याचं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या गटाला वाटतं पाळक आपण पगारावर ठेवलाय. रात्री दहाला फोन, लाइट गेली तरी फोन. पाळकीणबाईंनी पेटी वाजवायची, शब्बाथ शाळा घ्यायची, महिला मंडळाला चहा करायचा, सगळं फुकट. आणि मानधन मात्र "या महिन्यात वर्गणी जमली नाही". पौल १ तीमथ्य ५ मध्ये एकाच दमात तीन गोष्टी सांगतो. वडील माणसाला टाकून बोलू नको, बापासारखं समजून सांग. मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नको, म्हणजे राबणाऱ्याचा मोबदला अडवू नको. आणि मंडळीच्या वडिलावरचा, म्हणजे पुढाऱ्यावरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊच नको. लोक यातलं आपल्या सोयीचं एक उचलतात.

माझा नियम फार साधा होता. साक्षीदार दोन असतील तरच पाळकांविरुद्धची गोष्ट सभेच्या इतिवृत्तात लिहायची. सही नसलेलं पत्र आलं की चुलीत. सावंतवाडीकडचे माझे कॅथलिक मित्र गमतीने म्हणतात, २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत त्यांचा बिशप पुण्याला होता, तक्रारीला घाट चढावा लागायचा, तेवढ्यात निम्म्या तक्रारींचा राग उतरायचा. मला हे पटतं. तक्रारीचं पत्र लिहा, पण एक रविवार मध्ये जाऊ द्या. त्याच हाताने प्रभूभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आलात आणि तरी पाठवावंसं वाटलं, तर खाली नाव घालून पाठवा.

कटकट्याचं तोंड बंद करायला त्याला पद देणं

हे आमच्याकडे परंपरेने चालतं. फार बोलतो? करा पंच. पुढे काय होतं ते योहानाच्या तिसऱ्या पत्रात वाचा, दियत्रफेस नावाखाली. त्याला पहिलं व्हायची हौस होती आणि तो आल्या-गेल्या भावांना दारात उभं करेना. आम्ही एकाला असंच स्पीकर सेट सांभाळायला दिला. सहा महिन्यांत माइक कुणाला मिळेल ते तो ठरवू लागला. काम द्यायचंच तर किल्ली नसलेलं द्या. विहिरीजवळचं गवत काढणं हे उत्तम काम आहे, माणसाची परीक्षा होते.

सगळ्या अवघड माणसांना एकच औषध

थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो, बेशिस्तांना समज द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. म्हणजे रोग तीन आणि औषधंही तीन. आमच्याकडे एकच बाटली, समज द्यायची.

आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. वय ऐंशीच्या पुढे. मिशन हॉस्पिटलमध्ये आयुष्य गेलं, अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. तरुण संघाने ड्रम आणला आणि बाईंनी दर रविवारी सूचनांच्या वेळी उभं राहायला सुरुवात केली. "ही उपासना आहे की नमन-खेळे?" पोरं हसायची, मग चिडायची. शिबिरातून नुकत्याच तापून आलेल्या एकाने तर 'आत्म्याला विझवणारे लोक' या विषयावर साक्षच दिली, बाईंकडे बघत. पाळकांनी समज दिली. पंचांनी समज दिली. कुणीतरी सांगितलं, मागच्या बाकावर बसा. त्या चाळीस वर्षं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत होत्या, तिथे त्यांचे यजमानही बसायचे. त्या उठेनात.

एका बुधवारी मी चर्च झाडायला गेलो आणि झाडू टेकून त्या बाकावर बसलो. वर बघितलं. नवीन स्पीकरचा खोका बरोबर डोक्यावर, जेमतेम चार हात उंच. बाईंच्या कानात मशीन. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं गाणं सुरू झालं की ड्रमचा प्रत्येक ठोका त्या मशीनमधून थेट डोक्यात. म्हाताऱ्या माणसाने ते कसं सहन करायचं? एक स्टूल, चार स्क्रू आणि दोन मीटर वायर लागली. स्पीकर खिडकीकडे सरकवला. पुढच्या रविवारी बाई उठल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी ड्रमवाल्या पोराला त्यांनी बोलावून घावनं खायला घातली. ड्रम त्यांना अजूनही आवडत नाही, ते त्या सांगतातच, पण बसून सांगतात.

आता अवघड माणूस दिसला की आधी तो बसतो त्या बाकावर पाच मिनिटं बसून येतो. सगळ्यांच्या डोक्यावर स्पीकर नसतो, हे कबूल. काही माणसं खरंच बेशिस्त असतात, त्यांना समजच द्यावी लागते, आणि तीही एकदाच नाही.

बाकीच्या, पटापट

"प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणून सांगितलेली गोष्ट ही चहाडीच असते. प्रार्थना करायची तर नाव प्रभूला माहीत आहे.

"आधीचे पाळक असं करायचे" हे नव्या पाळकांसमोर म्हणू नका. आधीच्यांसमोरही तुम्ही हेच म्हणत होतात, इतिवृत्त आहे माझ्याकडे.

दोन बायकांच्या भांडणात बाजू घेऊ नका. पौलाने युवदीया आणि सुंतुखे या भांडलेल्या दोन बायकांची नावं पत्रात घातली, दोघींना वेगवेगळी विनंती केली, पण चूक कुणाची ते लिहिलं नाही.

चाकरमान्यांनी मे महिन्याच्या दहा दिवसांत मंडळी सुधारायला घेऊ नये. आंबे खा, वर्गणीची थकबाकी भरा. बोलायचंच असेल तर पावसाळ्यात या, छप्पर गळतं तेव्हा.

भांडण झालं की लगेच दुसरी संगती, म्हणजे दुसरा प्रार्थना-गट, शोधणाऱ्यांना कवी नारायण वामन टिळक आठवतात. "रेव्हरंड टिळकांनी नाही का मिशन सोडलं?" सोडलं. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा माणूस. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. मधली बावीस वर्षं आत राहून काम केलं. मला हे ऐकवणाऱ्याचा बाप्तिस्मा गेल्या ईस्टरला झाला होता.

पंच बदलले की चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्या. "नंतर बघू" म्हणून राहिलेला कागद दहा वर्षांनी कोर्टात भेटतो, आणि तेव्हा दोन्ही बाजूंना आपलीच माणसं उभी असतात.

आणि लिलावात बोली लावलीत तर पैसे तिथेच मोजा, कोंबडा मागाहून घरी न्या.