बर्फाच्या गाभ्याचं वय कसं काढायचं

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आठ लाख वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता, हा ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेवरून काढलेला आकडा फळ्यावर लिहिला की एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्गात कुणीतरी विचारतंच, ‘बाई, ही वर्षं मोजली कुणी?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो आकडा नुसता पाठांतराचा राहतो. म्हणून मी मुलांकडून ही मोजणी करूनच घेते. ग्रीनलंडच्या गाभ्यांची, म्हणजे बर्फात खोल खणून काढलेल्या लांब नळकांड्यांची, मापं कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेने आणि अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेने सगळ्यांना खुली ठेवली आहेत. त्यातला सतराव्या ते विसाव्या शतकातला एखादा तुकडा घ्या, त्याचा आलेख लांब पट्टीवर छापा आणि पेन्सिल, रबर जवळ ठेवा.

त्याआधी मात्र हात सागवानावर बसवा. आमच्याकडे लाकडाच्या वखारीत सागाचा आडवा कापलेला तुकडा सहज मिळतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्याच्या सुरुवातीला वाढलेल्या लाकडात मोठी छिद्रं रांगेने दिसतात, आणि तिथून नवं वर्ष सुरू होतं. पाऊस मध्येच दडी मारून पुन्हा आला असेल तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. ‘बाई, हे एक धरायचं की दोन?’ असं मुलं विचारतात. ही अडचण बर्फातही येते, आणि ती इथे बोटाखाली आलेली बरी.

आता बर्फ. हिवाळ्याच्या बर्फात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, कमी असतो आणि उन्हाळ्याच्या बर्फात जास्त. हवा जितकी थंड, तितकं जड पाणी वाटेतच पडून जातं. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी हे आधी पावसाच्या पाण्यात पाहिलं आणि मग ग्रीनलंडच्या कॅम्प सेंचुरी या ठिकाणच्या गाभ्यावर लावलं. तो गाभा १९६६ मध्ये तळापर्यंत खणून झाला होता. म्हणजे छापलेल्या ऑक्सिजन-१८ च्या आलेखात एक चढ आणि एक उतार मिळून एक वर्ष. प्रत्येक हिवाळ्याच्या खळग्यावर पेन्सिलीने रेघ मारा.

एकाच मापावर विसंबू नका. बर्फ घट्ट होण्याआधी त्यातून वाफ फिरते आणि ऑक्सिजनचे चढउतार पुसट होत जातात. म्हणून खाली दुसऱ्या पट्ट्या लावायच्या: धूळ वसंतात वाढते, समुद्री मीठ हिवाळ्यात, अमोनियम उन्हाळ्यात. तिन्ही पट्ट्या एकाखाली एक धरल्या की ऑक्सिजनच्या आलेखात चिकटून गेलेली दोन वर्षं बहुतेक वेळा सुटी होतात.

तरीही काही थर सुटत नाहीत. तिथे ग्रीनलंडच्या शास्त्रज्ञांचा नियम वापरा, मला तो फार आवडतो. शंकेचा थर अर्धं वर्ष धरायचा आणि त्याच्यापुढे ‘अधिक-उणे अर्धं’ लिहायचं. खाली जाताना हे अर्धे-अर्धे बेरजेत धरत जायचं. याच हिशेबाने ग्रीनलंडची मोजणी ६०,००० वर्षांपर्यंत नेली गेली आणि तिथे चुकीची मर्यादा सुमारे २,६०० वर्षं निघाली. ही मर्यादा सोबत लिहिलेली असते म्हणूनच मी त्या मोजणीवर विश्वास ठेवते. माझ्या वर्गात नुसत्या वर्षाला अर्धेच गुण मिळतात, बाकीचे अर्धे त्या ‘अधिक-उणे’ला.

मोजणी झाली की ती खुंट्यांना, म्हणजे तारीख पक्की माहीत असलेल्या खुणांना, बांधायची, आणि खरं काम इथे आहे. मोठा ज्वालामुखी फुटला की गंधकाचं आम्ल आकाशात उंच जातं आणि ध्रुवांवर बर्फात पडतं. आइसलँडचा लाकी १७८३ मध्ये फुटला, त्याची खूण ग्रीनलंडमध्ये ठळक दिसते. इंडोनेशियाचा तंबोरा एप्रिल १८१५ मध्ये फुटला. त्याचं आम्ल ध्रुवापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून त्याची खूण १८१६ च्या आसपासच्या बर्फात शोधा. ती ओळखायची कशी? तिच्या थोडं आधी, १८०९ च्या सुमाराची आणखी एक खूण असते. तो ज्वालामुखी कुठला हे अजून ठरलेलं नाही, पण ही जोडी मात्र चुकत नाही. हे आम्ल बर्फात सल्फेट म्हणून मोजतात. सल्फेटच्या पट्टीवर आधी ही जोडी शोधा, मग लाकी. तंबोरा आणि लाकी यांच्या खुणांमध्ये तुमचे थर साधारण ३२-३३ भरले पाहिजेत. ३० किंवा ३६ आले तर मागे जा आणि शंकेचे थर पुन्हा बघा. वरच्या बर्फासाठी आणखी सोपी खुंटी आहे, १९६३ च्या सुमाराचं अणुचाचण्यांच्या किरणोत्साराचं टोक.

सागाचा तुकडा टाकून देऊ नका. इ.स. ७७४-७७५ मध्ये अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा जबर मारा झाला. २०१२ मध्ये जपानी संशोधकांना त्याची खूण सुगी या जपानी झाडाच्या वलयांतल्या कार्बन-१४ मध्ये सापडली. त्याच माऱ्याने हवेत तयार झालेलं बेरिलियम-१० बर्फातही पडलेलं आहे. २०१५ मध्ये दोन्ही जुळवून पाहिलं तेव्हा ग्रीनलंडची मोजणी तिथे सुमारे सात वर्षांनी सरकलेली निघाली, आणि ती दुरुस्त झाली. झाडाने बर्फाची तारीख सुधारली, हे मुलांना मी दरवर्षी सांगते.

खोलीला वर्षांनी भागून हिशेब काढायचा मोह होतो. तसं करू नका. बर्फ स्वतःच्या वजनाने वाहतो, पसरतो आणि तळाकडे थर पातळ होत जातात. अंटार्क्टिकाच्या डोम-सी या जागी, जिथून आठ लाख वर्षांचा गाभा मिळाला, तर थर मोजताच येत नाहीत. तिथे वर्षाला जेमतेम २५ मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ पडतो, आमच्या कणकुंबीला पावसाळ्यातल्या एका दिवसात त्याहून जास्त पडतो. तिथली आठ लाख वर्षं बर्फ वाहण्याच्या गणितावर आणि खुंट्यांवर उभी आहेत. सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकत्व उलटलं. तेव्हा ते क्षीण होऊन विश्वकिरण जास्त आत आले, म्हणून ती खूणही बेरिलियम-१० मधून तिथे मिळाली.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फाहून तरुण असते, कारण वरचा बर्फ भुसभुशीत असतो आणि बुडबुडे बऱ्याच खाली, पन्नास ते शंभर मीटरवर बंद होतात. हा फरक ग्रीनलंडमध्ये काही शतकांचा असतो, डोम-सी वर हजारो वर्षांचा. म्हणून वहीत दोन रकाने आखा, बर्फाचं वय आणि हवेचं वय. बर्फावरून काढलेलं तापमान पहिल्यात लिहा, कार्बन डायऑक्साइड दुसऱ्यात. एकाच रकान्यात घातलं तर आधी काय वाढलं आणि मागून काय, हेच उलटं दिसेल.

आपल्या भागातल्या शाळांसाठी एक सुचवते. चोर्ला घाट उतरून वास्कोला गेलं की हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाहून आणलेले गाभे तिथे उणे २० अंशांत ठेवतात. गोव्याची सहल ठरवत असाल तर आधी पत्र पाठवून शाळेला भेट मिळेल का ते विचारा. परवानगी मिळाली तर मुलांना आखलेल्या पट्ट्या आणि अडलेल्या थरांचे प्रश्न सोबत घेऊन जायला सांगा.