कोणत्याही दोन पत्त्यांवर नेमके एकच समान चित्र: असा संच कसा तयार करावा

‘डॉबल’ या खेळाच्या मूळ संचात ५५ गोल पत्ते असून प्रत्येकावर ८ चित्रे असतात, आणि कोणतेही दोन पत्ते उचलले तरी त्यांत एक, आणि एकच, चित्र समान निघते. पत्ता म्हणजे रेषा आणि चित्र म्हणजे बिंदू असे मानले, तर दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात या परिचित गोष्टीचेच हे रूप आहे.

स्वतः संच करायचा असेल, तर १३ पत्ते व प्रत्येकी ४ चित्रे यांपासून सुरुवात करावी. कागदावर ३ × ३ घरांचा चौकोन आखून त्यात ओळीने १ ते ९ अंक लिहावेत. प्रत्येक अंक म्हणजे एक चित्र. आडव्या ओळींतून १-२-३, ४-५-६, ७-८-९ हे तीन गट मिळतात आणि उभ्या रकान्यांतून १-४-७, २-५-८, ३-६-९ हे तीन. तिरपे गट करताना दर ओळीला एक घर उजवीकडे सरकत खाली यावे, आणि कड ओलांडली गेल्यास त्याच ओळीच्या डाव्या टोकापासून पुढे मोजावे. त्यातून १-५-९, २-६-७, ३-४-८ हे गट येतात. डावीकडे सरकल्यास १-६-८, २-४-९, ३-५-७ मिळतात.

आता अडचण अशी, की वेगवेगळ्या दिशांच्या गटांत एक अंक समान असला, तरी एकाच दिशेचे गट समांतर रेषांसारखे एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. म्हणून प्रत्येक दिशेला एक जादा चित्र द्यावे: आडव्या गटांना सूर्य, उभ्यांना चंद्र, उजव्या तिरप्यांना छत्री, डाव्यांना मासा. समांतर रेषा अनंतावर मिळतात असे म्हणतात; येथे त्या माशापाशी मिळतात. हे बारा पत्ते झाले. सूर्य, चंद्र, छत्री आणि मासा एकत्र काढले की तेरावा.

चित्रे चिकटवून झाल्यावर ७८ जोड्या तपासत बसण्याआधी प्रत्येक चित्र बरोबर ४ वेळा आले आहे ना, हे पाहावे. बहुतेक चुका तेथेच सापडतात.

मोठ्या संचासाठी चौकोनाची बाजू ५ किंवा ७ घ्यावी आणि दर ओळीला एक, दोन, तीन अशी वाढती घरे सरकून सर्व दिशा मिळवाव्यात. बाजू मूळ संख्याच हवी, कारण ४ × ४ चौकोनात दोन-दोन घरे सरकणारा गट तिसऱ्या ओळीत पुन्हा आरंभीच्याच रकान्यात येतो आणि त्या उभ्या रकान्याला दोनदा छेदतो. ४ साठी वेगळ्या अंकगणिताने २१ पत्त्यांचा संच करता येतो. ६ साठी मात्र, म्हणजे ७ चित्रांचे ४३ पत्ते, असा संच अशक्यच आहे.

७ बाजूच्या चौकोनातून ५७ चित्रांचे ५७ पत्ते होतात. डॉबलमध्ये त्यांतले दोन कमी आहेत. विकतचा संच हाताशी असल्यास मोजून पाहावे: ४२ चित्रे आठ-आठ वेळा, १४ चित्रे सात-सात वेळा आणि एक चित्र, जे त्या दोन्ही गळालेल्या पत्त्यांवर असते, केवळ सहा वेळा सापडेल.