खारपाणपट्टा, रब्बी सल्ला : हरभऱ्याला बोअरचे पाणी सोडण्याआधी आरएससी तपासा

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारट असलेल्या पट्ट्यात, दर रब्बीला एकच चूक पाहावी लागते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर आकडा मोठा दिसत नाही, पाणी चवीलाही फारसे खारट लागत नाही, म्हणून बोअरचे पाणी हरभऱ्याला दिले जाते. पहिल्या पाण्याला पीक तरारते. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर मात्र सरीत पाणी तुंबते, जमीन वाळली की दगड होते आणि घाटे भरण्याआधीच झाडे पिवळी पडतात. पुढच्या खरिपात त्याच वावरात कपाशीही खुजी राहते.

या पाण्याचा दोष खडकातून येतो. सातपुडा आणि अजिंठा रांगांतील काळा बेसाल्ट झिजताना कॅल्शियम, सोडियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त असलेल्या या कोरड्या मुलखात कॅल्शियम चुनखडी होऊन जमिनीतच बसते (नांगरटीत वर येणारे पांढरे खडे तेच) आणि पाण्यात सोडियम उरते. ते चिकण कणांवर बसले की काळ्या मातीची छिद्रे बुजतात. मीटर एकूण क्षार सांगतो, कोणते क्षार ते सांगत नाही. ते कळण्यासाठी अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी (पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट व बायकार्बोनेट), प्रयोगशाळेतूनच काढून घ्यावा लागतो.

पेरणीआधीच, याच आठवड्यात, पंप अर्धा तास चालवून, त्याच पाण्याने तीनदा खंगाळलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर नमुना घ्यावा आणि लगेच प्रयोगशाळेत द्यावा. आरएससी 1.25 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत असल्यास पाणी चालते, 2.5 पर्यंत जपून वापरावे, त्यापुढे तसेच देऊ नये. एकरी 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर. त्याचा आरएससी 1 मिलीइक्विव्हॅलंटने उतरवण्यास शुद्ध जिप्सम (कॅल्शियम देणारे खनिज) सुमारे 17 किलो लागते. ते पाटात पाण्याच्या धारेखाली ठेवावे, ठिबकमध्ये सोडू नये.

अहवाल येईपर्यंत घरची एक पारख सांगतो : वावरातील वाळलेले लहान ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या पेल्यात न हलवता ठेवावे. दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळ गढूळ दिसले, तर सोडियम मातीत शिरले आहे असे माझा अनुभव सांगतो. दुकानातील महागडे ‘क्षारनाशक’ द्रावण आणि पाइपावरचे चुंबक यांवर पैसे घालवू नयेत. सोडियम हटवायला कॅल्शियमच लागते आणि जिप्सम त्याहून कितीतरी स्वस्त मिळते.

इतर कामे :
– बीजप्रक्रिया : ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) बियाण्याच्या किलोला 5 ग्रॅम, नंतर रायझोबियम (नत्र स्थिर करणारे जिवाणू) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी 250 ग्रॅम प्रति 10 किलो
– अंतर 30 × 10 सेंटिमीटर
– हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद
– घाटेअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे

शेततळ्यात साठलेले पावसाचे पाणी कपाशीवर आत्ताच संपवू नये. ते हरभऱ्यासाठी राखून, फांद्या फुटताना किंवा घाटे भरताना जमिनीला बारीक भेग दिसताच तुषार संचाने हलके द्यावे. बोअरचा अहवाल हाती येईपर्यंत त्याचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा.