उन्हाळ्यात परड्यात मडकं पुरून बाग कशी जगवायची

एप्रिल-मे मध्ये मोगरा, अबोली, लिंबू, डाळिंब, वांगी, टोमॅटो हे सगळं आपल्या बेळगाव भागात नीट जगतं, फुलतं आणि फळतं पण, फक्त पाणी मुळापर्यंत गेलं पाहिजे. रोज संध्याकाळी पाईप धरून वरून पाणी मारायचं आणि माती काळी दिसली की झालं म्हणायचं, हे मला आता बघवत नाही. दोन बोटं उकरून बघा, खाली भुगा असतो. वरचं पाणी सकाळी दहापर्यंत वाऱ्यानं आणि उन्हानं उडून जातं.

मी गेले ९ उन्हाळे परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, मातीची मडकी पुरते. गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, झाकायचं. मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, बाहेरची माती कोरडी पडली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ कमी होते आणि झिरपणं पण कमी होतं. म्हणजे किती पाणी द्यायचं ते माती स्वतः ठरवते, आपण फक्त भरत राहायचं. पाणी निम्म्याहून कमी लागतं असा माझा अनुभव आहे, आणि ज्यांच्याकडे नळ रोज येत नाही त्यांना हा फरक लगेच कळेल.

काम गुढीपाडव्याच्या आत करा. मे मध्ये सुरू केलं तर रोपं आधीच थकलेली असतात.

मडकं ५-६ लिटरचं, साधं, भाजलेलं, रंग नसलेलं. खानापूरची मडकी सगळ्यात चांगली, तिथली माती आणि कुंभारकाम दोन्ही नावाजलेलं आहे, आणि खानापूरला जायला जमत नसेल तर बाजारात बसलेल्या कुंभाराकडून घ्या. ऑइल पेंट लावलेलं, नक्षी काढलेलं, चकचकीत मडकं घेऊ नका, त्यातून पाणी झिरपतच नाही. बोटानं वाजवून बघायचं, खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर तडा आहे. घरी आणून पाणी भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा, सकाळी अंग ओलसर आणि पाणी बोट-दोन बोटं उतरलेलं असलं की पास. निम्मं उतरलं असेल तर ते पुरायच्या कामाचं नाही.

आणि बुडाला भोक पाडून त्यात सुतळी घाला असं जे सगळीकडे सांगतात ते कृपा करून करू नका. भोक पाडलं की मडक्याचा अर्थच गेला, भराभर सगळं पाणी एकाच जागी खाली जातं आणि बाजूची रोपं तशीच राहतात. चांगलं मडकं वाया घालवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

खड्डा मडक्यापेक्षा वीतभर रुंद, गळा जमिनीच्या वर दोन-तीन बोटं राहील इतका खोल. नारळ किंवा आंब्याच्या बुंध्याजवळ नको, मुळं मडकं फोडू शकतात.

आता जिथं बहुतेकांचं फसतं ते सांगते, कारण माझं पण इथंच फसलं होतं. पहिल्या वर्षी मी तीन मडकी पुरली, भोवती टोमॅटो आणि अबोलीची रोपं लावली, मडकी काठोकाठ भरली आणि भाचीच्या लग्नाला निपाणीला गेले. चार दिवसांनी येऊन बघते तर रोपं माना टाकून वाळलेली, आणि झाकण काढलं तर मडक्यात पाणी निम्म्याच्या वर तसंच. पाणी आहे आणि शेजारी रोप मेलंय, हे बघून मला रडूच आलं, दोन महिने वाढवलेली रोपं होती. मग एक मडकं उकरून काढलं. मडक्याच्या पोटाखाली, जिथं ते गोल आत वळतं तिथं, माझं बोट सहज जाईल इतकी पोकळी होती. मडक्याचं अंग गार आणि ओलसर, आणि बोटभर पलीकडची माती पिठासारखी कोरडी. मी खड्डा बुजवताना कोरडी ढेकळं नुसती वरून लोटली होती. मातीचं आणि मडक्याचं अंगाला अंग लागलेलं नव्हतं, मग पाणी ओढणार कोण?

तेव्हापासून मी असं करते. आदल्या दिवशी खड्डा दोन बादल्या पाणी घालून भिजवून ठेवते. निघालेली माती चाळून, दगड-खडे काढून, त्यात तिसरा हिस्सा शेणखत मिसळून त्याचा राडा करते, इडलीच्या पिठाहून थोडा घट्ट. खड्ड्याच्या तळाला हा राडा घालून मडकं त्यात बसवते आणि थोडं डावीउजवीकडे फिरवते म्हणजे बूड रुततं. मडक्यात आधी निम्मं पाणी भरायचं, नाहीतर ते हलतं. मग हातानं, खोऱ्यानं नाही, पोटाखाली राडा कोंबत जायचं, चारी बाजूंनी, बोटं आत घालून. हे करताना शेजारच्या काकू कुंपणावरून "काय गे, काय पुरुलालीस?" म्हणून विचारतात, कारण अर्धा तास मी जमिनीवर बसलेली असते. एका मडक्याला अर्धा तास लागतोच. पाच मिनिटांत झालं असेल तर पोकळी राहिली आहे असंच समजा, काढा आणि परत करा.

अथणी, रायबाग, गोकाककडच्या काळ्या मातीत राड्यात वाळू पण घाला, निम्म्याला निम्मी चालेल. काळी माती सुकली की भेगा पडतात आणि मडक्यापासून सुटते, मग परत तीच पोकळी.

आणि दुसरी अर्धी चूक. नवीन रोपाचं मूळ चार बोटं असतं, ते मडक्याच्या ओलीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पहिले १५ दिवस रोज सकाळी तांब्याभर पाणी हातानं द्यायचंच, आणि ते रोपाच्या बुंध्यात नाही, रोप आणि मडकं यांच्या मधल्या जागेत, म्हणजे मुळं त्या बाजूला वळतात. १५ दिवसांनी एक दिवसाआड, मग बंद. ज्यांना हे पंधरा दिवस जमणार नाहीत त्यांनी मडकं पुरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, मडक्यावर भरवसा ठेवून रोपं मारण्यापेक्षा पाईप बरा.

रोपं मडक्यापासून एक वीत अंतरावर, एका मडक्याभोवती चार. दोन फुटांवर लावलेल्या मोगऱ्याला त्या मडक्याचा काही उपयोग नाही. लिंबू किंवा डाळिंबाचं तरणं झाड असेल तर समोरासमोर दोन मडकी, फांद्यांचा घेर संपतो तिथं, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं बाहेरच्या बाजूला असतात. जुन्या मोठ्या झाडाला मात्र एवढ्यानं भागत नाही, त्याला आळं करून पाणी द्या.

वरून तीन-चार बोटं आच्छादन, भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट, बुंध्याला चिकटू न देता.

एप्रिलात माझं ६ लिटरचं मडकं तिसऱ्या दिवशी भरावं लागतं. एखादं मडकं आठवडाभर भरलेलंच दिसलं तर दोन कारणं, पोकळी किंवा बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसून छिद्रं बुजलेली. मडक्यात खत, शेणपाणी, औषध काही घालू नका, त्यानं पण छिद्रं बुजतात.

झाकणाला मी परळ, म्हणजे मातीची पसरट थाळी, ठेवते, उताणा. मडक्याचं तोंड बंद राहतं, डास आत जात नाहीत, आणि परळात पाणी घातलं की पाखरांची सोय होते. तोंड आणि परळ यांच्यात फट असेल तर जुन्या सुती कापडाची चुंबळ ठेवा. परळात दोन खडे ठेवा, मधमाश्या आणि फुलपाखरं खड्यावर बसून पाणी पितात, नाहीतर बुडतात. पाणी रोज बदलायचं, चुकूनही आठवडाभर ठेवायचं नाही, तेवढ्यात डास तयार होतात. घराजवळ मांजरं असतील तर पाणी झुडपाच्या आडोशाच्या परळात घालू नका, उघड्यावरच्या मडक्यावर घाला, पाखराला लांबून दिसलं पाहिजे.

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्याकडे आधी बुलबुलांची जोडी येते, मग दयाळ, आणि सातभाई आले की सगळ्यांना उठवतात. शिंजीर परळात फारसा उतरत नाही, तो जास्वंदीवर येतो, फुलात समोरून न जाता बुडाशी चोच खुपसून रस पितो. त्याच्यासाठी जास्वंद आणि कर्दळ लावा. घाणेरी लावू नका, फुलपाखरं येतात म्हणून लावतात आणि मग ती आवरत नाही, आपल्या रानांत तिनं किती जागा खाल्ली आहे ते खानापूरच्या वाटेवर दिसतंच. आणि मार्च ते मे झाडं छाटू नका, शिंजीराचं घरटं बारीक फांदीला लोंबत असतं आणि वाळक्या कचऱ्याच्या गुंत्यासारखं दिसतं, न बघता कापलं जातं.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं की लोक औषधाची बाटली काढतात. ती फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते, बोट लावलं तर डोक्यामागून केशरी-लाल दोन शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. मोठ्या लिंबाला ती काही मारत नाही, पानं परत येतात. रोप अगदी लहान असेल तर अळी उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. एकदा औषध मारलं की अळीबरोबर मधमाश्या पण जातात.

डाळिंबाला मात्र फळ लिंबाएवढं झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याची पिशवी बांधा, फळ पोखरणाऱ्या अळीपासून आणि खारीपासून वाचतं. सगळ्या झाडावर नायलॉनची बारीक जाळी टाकू नका. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या परड्यात अशा जाळीत बुलबुल अडकला होता, कात्रीनं एकेक दोरा कापून सोडवला तेव्हा त्याच्या पंखाखाली दोरा रुतून कातडी फाटली होती. चार पपया बुलबुलांना जाऊ देत, बाकीच्या बांधून ठेवा.

वळीव पडला की त्या आठवड्यात मडकं भरू नका. मिरगाचा पाऊस लागला की मडकी उकरून काढायची, ओल्या मातीतून ती सहज निघतात, काथ्यानं बाहेरून-आतून घासायची, साबण न लावता, आणि पडवीत पालथी घालून पुरती सुकवायची. पांढरा थर निघत नसेल तर व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवा. पुढच्या फाल्गुनात पुरण्याआधी परत एकदा फरशीवर रात्रभर भरून ठेवा, झिरपलं तर तेच मडकं आणखी एक वर्ष चालतं.