इन की ऑफ? घरच्यांबद्दल इंग्लिशमध्ये बोलताना मला हे उपयोगी पडलं

भाचीला स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये घरच्यांवर बोलायचं होतं आणि दर वाक्याला गाडी अडायची. मराठीत कसं, "घरात सगळ्यात उंच" म्हणा नाहीतर "तिघांत उंच", एकाच "त"वर भागतं, इंग्लिशमध्ये मात्र दोन रस्ते. मग आम्ही असं ठरवलं की पुढे जागा किंवा अख्खा गट आला तर इन, म्हणजे द टॉलेस्ट इन द फॅमिली, आणि माणसं मोजलेली असली तर ऑफ, द यंगेस्ट ऑफ थ्री सिस्टर्स. निम्मं काम इथेच झालं.

मग एल्डर. माय एल्डर ब्रदर ठीक, पण मागे दॅन लागला की ओल्डरच, ही इज ओल्डर दॅन मी. आणि माय एल्डेस्ट आंटी म्हणताना मध्ये द घुसवायचा नाही, माय आहे ना आधीच.

लग्नाचं तर विचारूच नका, डोक्यात "कोणाशी" असतं त्यामुळे मॅरिड विथ येतंच तोंडात, तिथे टू. स्वयंपाकात हुशार म्हणजे गुड अ‍ॅट कुकिंग, इन नाही.

नियम पाठ वगैरे काही करायला लावले नाहीत, घरातल्या प्रत्येकावर एकेक खरं वाक्य मोठ्याने म्हणायचं एवढंच, तर आजीवर तिने स्वतःच जुळवलं, शी इज द शॉर्टेस्ट ऑफ अस ऑल अँड द लाउडेस्ट इन द बिल्डिंग. दोन्ही बरोबर! आजीला अर्थ अजून कोणी सांगितलेला नाही.