एका गेटचे चौसष्ट पल्स

हवामान रडारच्या रिसीव्हरच्या कामाला लागलो तेव्हा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) म्हणजे फिल्टर आणि एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढण्याचं गणित), एवढीच माझी समज होती. पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नाने झोप उडवली. सेकंदाला 10 मीटर वेगाने येणारा थेंब 3 गिगाहर्ट्झच्या लहरीत जेमतेम 200 हर्ट्झचा फरक पाडतो. पल्स मायक्रोसेकंदभराचा. त्यात हा फरक दिसणार कसा?

एका पल्समध्ये तो दिसतच नाही. रिसीव्हर प्रत्येक पल्सनंतर प्रत्येक गेटसाठी, म्हणजे अंतराच्या प्रत्येक टप्प्यासाठी, आय आणि क्यू असे दोन आकडे देतो; त्यांतून फेज, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात कुठे आहे तो कोन, मिळते. सेकंदाला 1000 पल्स सोडले, तर दोन पल्सच्या मधल्या वेळात हा थेंब 1 सेंटिमीटर सरकतो. लहरीचा जाण्यायेण्याचा रस्ता 2 सेंटिमीटरने बदलतो. तरंगलांबी 10 सेंटिमीटर, म्हणून फेज 72 अंशांनी फिरते. हे गणित एकदा कागदावर करा. मग मोजता येणाऱ्या वेगाची मर्यादा सेकंदाला 25 मीटर का आणि 30 मीटरचा वारा उलट दिशेने 20 मीटरचा का दिसतो, हे पाठ करावं लागत नाही. मर्यादा वाढवायला पल्स दाट सोडावेत, तर रडारची नजर 150 किलोमीटरच्याही अलीकडे येते. ही ओढाताण या कामात कायमची.

माझा पहिला कोड चुकला तो सरासरीत. 64 पल्समधले फेजचे फरक काढून मी त्यांची थेट सरासरी घेतली. 179 आणि उणे 179 अंश यांची सरासरी शून्य येते आणि जोराचा वारा नकाशावर थांबलेला दिसतो! लागोपाठच्या सॅम्पलचे, म्हणजे आय-क्यू जोड्यांचे, कॉम्प्लेक्स गुणाकार (एकाचा कॉन्ज्युगेट, म्हणजे उलट फेजचा आकडा, घेऊन) आधी बेरजेत घ्यायचे, कोन शेवटी काढायचा. हीच पल्स-पेअर पद्धत.

त्याहून अवघड प्रकरण म्हणजे क्लटर, जमिनीवरच्या स्थिर गोष्टींवरून परतलेला नको असलेला सिग्नल. डोंगर आणि इमारती हलत नाहीत, मग शून्य वेगाचं सगळं कापून टाकू, असं वाटतं. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो तेव्हा कुलाब्यासारख्या किनाऱ्यावरच्या रडारला उत्तरेकडच्या पावसाचा वेगही शून्याजवळच दिसणार, कारण वारा बीमला आडवा जातो. आणि उत्तरेला तर उपनगरं आहेत. सरसकट कापणारा फिल्टर नेमका तिथलाच पाऊस खाईल. म्हणून जीमॅपसारख्या पद्धती स्पेक्ट्रममधलं (कोणत्या वेगाला किती पॉवर, या आलेखातलं) क्लटर काढून खड्डा पावसाच्या गॉसियन, म्हणजे घंटेसारख्या, आकाराने भरतात.

नेक्सरॅड या अमेरिकी रडारजाळ्याचा लेव्हल-टू डेटा मोफत मिळतो, तो जरूर उघडा. पण त्यात वेग आणि परावर्तन आधीच काढलेलं असतं, आय-क्यू नसतो. एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) आणि मोठी टूलबॉक्स नंतर शिकता येतील. आधी पायथनमध्ये स्वतः एक गेट बनवा: 64 पल्स, शून्यावर डोंगराची उंच सुई, 2 मीटर वेगाशी पावसाचा बुटका, पसरट उंचवटा, खाली नॉइज. विंडो (पल्सच्या रांगेची दोन्ही टोकं हळूहळू शून्याकडे नेणारी वजनं) न लावता स्पेक्ट्रम काढा. सुईची गळती पावसाला कशी झाकते ते दिसेल. मग ब्लॅकमन विंडो लावून पुन्हा पाहा आणि पावसाची पॉवर किती डेसिबलपर्यंत बरोबर परत मिळते ते मोजा. मला या एका गेटवर तीन आठवडे लागले होते.