संयोजी ऊती ओळखाव्या कशा: कोंबडीच्या तंगडीपासून अथणीच्या चपलेपर्यंत

संयोजी ऊतींचा पाठ विद्यार्थ्यांना अवघड जातो, कारण रक्त, हाड, चरबी आणि स्नायुरज्जू अशा दिसायला अगदी निराळ्या गोष्टी तेथे एकाच नावाखाली आलेल्या असतात. त्यांच्यातील साम्य पेशींत शोधले तर सापडत नाही. ते पेशींच्या मधल्या जागेत असते. शरीराची आवरणे बनवणाऱ्या अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना चिकटून बसतात, तर संयोजी ऊतीत त्या विखुरलेल्या असतात आणि मधली जागा आधारकाने भरलेली असते. हा आधारक द्रवरूप असेल तर रक्त, मऊ व तंतूंनी विणलेला असेल तर त्वचेखालचा पापुद्रा, घट्ट पण लवचीक असेल तर कास्थी (कूर्चा) आणि क्षारांनी टणक झालेला असेल तर अस्थी. पुढील प्रत्येक निरीक्षणात पेशींच्या मध्ये काय आहे, हा एकच प्रश्न विचारत राहावे.

त्याआधी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या मुलांनी शब्दांचा घोळ निस्तरून घ्यावा. आपल्याकडे पेशी म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक आणि स्नायू म्हणजे हालचाल घडवणारे मांस. हिंदी पुस्तकांत मात्र पेशी म्हणजे मांस, आणि स्नायू म्हणजे दोन हाडांना जोडणारा बंध, ज्याला आपण अस्थिबंध म्हणतो. कन्नडमध्ये ऊतीला अंगांश आणि पेशीला जीवकोश म्हणतात. स्नायू तेवढा आपल्यासारखाच आहे. हिंदी व्हिडिओ पाहून, कन्नड मित्राची वही चाळून आणि पुढे पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) इंग्रजीतून शिकताना हे शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर चार भाषांचे चार रकाने आखावेत. मी हे रकाने पहिल्याच तासाला आखून घेतो, कारण एका शब्दाच्या गोंधळामुळे हुशार मुलांचे गुण गेलेले मी पाहिले आहेत.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळावे. खाटकाकडून कोंबडीची एक अखंड तंगडी, कातडीसकट आणि पंजासकट, मागून घ्यावी. न सांगितल्यास तो कातडी काढून आणि पंजा तोडून देतो. ताट, छोटी सुरी, कात्री, चिमटा, दाभण आणि भिंग पुरेसे आहे. कातडी एका कडेने हळूहळू वर ओढावी. कातडी आणि मांस यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढुरका, ओलसर पापुद्रा ताणला जातो आणि तुटतो. ही विरल ऊती होय. तिच्या सैल जाळ्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे पातळ तंतू, ताणून पूर्ववत होणारे इलॅस्टिनचे तंतू, ते तंतू तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. काटा रुतल्यावर सूज येते ती प्रामुख्याने येथेच. तिच्या लगत पिवळसर गोळे दिसतात ती मेद ऊती. तिच्या पेशी चरबीने इतक्या फुगलेल्या असतात की केंद्रक कडेला सरकलेले असते. ऊर्जेचा साठा, थंडीपासून संरक्षण आणि धक्के सोसणे ही तिची कामे.

यापुढचा भाग मुलांच्या कायम लक्षात राहतो. पंजा सांध्याशी कापून वेगळा करावा. त्याच्या वरच्या, कापलेल्या टोकाशी पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या दिसतात. मागच्या बाजूची एक दोरी चिमट्याने धरून ओढली की बोटे मिटतात, पुढची ओढली की उघडतात. या दोऱ्या म्हणजे स्नायुरज्जू, स्नायूला हाडाशी जोडणारे. त्यातील एक सोडवून दाभणाने उभी चिरावी. ती सुतासारखी लांबीच्या दिशेने सुटत जाते, पण आडवी तोडता तुटत नाही, कारण कोलॅजनचे तंतू ओढ बसते त्याच दिशेने समांतर रचलेले असतात. कोलॅजनचा रेणूही दोरीसारखा पिळलेला असतो. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 साली त्याची तीन पेडांची रचना मांडली होती. मला हे शिकवताना नेहमीच अभिमान वाटतो.

त्यानंतर गुडघ्याचा सांधा उघडावा. दोन हाडांना जोडणाऱ्या आखूड, चिवट पट्ट्या म्हणजे अस्थिबंध. हाडांच्या टोकांवर निळसर पांढरे, गुळगुळीत आवरण दिसते ती कास्थी. ब्रॉयलर कोंबडी कोवळ्या वयात कापली जात असल्याने तिच्या हाडांच्या टोकांशी कास्थी भरपूर असते. जुन्या गावठी कोंबडीत तिची जागा बऱ्याच अंशी हाडाने घेतलेली आढळते. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात आणि पोषण आसपासच्या द्रवातून झिरपत येते. तालमीत किंवा कबड्डीच्या मैदानावर गुडघ्यातील कूर्चा फाटली तर ती महिनोन्महिने भरून येत नाही, याचे मोठे कारण हेच आहे. अशा गुडघ्याला नुसते तेल चोळून भागत नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शाकाहारी घरांतील मुलांनी मागे राहण्याचे कारण नाही. कान दुमडून सोडावा. तो लगेच पूर्ववत होतो, कारण त्यात इलॅस्टिनयुक्त कास्थी आहे, तर पाळीत ती नाही. पाऊल वर-खाली करत टाचेच्या वर बोटांनी चाचपले की शरीरातील सर्वांत जाड स्नायुरज्जू हाती लागतो.

हाडासाठी दोन प्रयोग करावेत. एक स्वच्छ केलेले बारीक हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवावे आणि मध्ये दोनदा व्हिनेगर बदलावे. त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळतात, कोलॅजन उरते आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे हाड मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, उघड्यावर, निखाऱ्यांत पांढरे होईपर्यंत जाळावे. आता कोलॅजन गेले, क्षार उरले. हाडाचा आकार तोच, पण बोटांनी दाबताच भुगा होतो. वजनाने हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग क्षारांचा असतो. वाकलेले आणि भुगा झालेले हाड शेजारी ठेवले की अस्थी टणक असूनही सहसा काचेसारखी का फुटत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे हाड मोडलेल्याला पायाचे सूप देतात. ते रात्रभर ठेवल्यावर थिजते, कारण शिजताना कोलॅजनचे जिलेटिन होते. ते पौष्टिक आहे, मात्र पोटात त्याचेही इतर प्रथिनांप्रमाणेच पचन होते. नवे कोलॅजन शरीर स्वतःच बांधते आणि त्यासाठी त्याला क जीवनसत्त्व लागते, म्हणून सुपासोबत लिंबू किंवा आवळा जरूर द्यावा.

दाट पण अनियमित तंतूंची ऊती पाहायची तर अथणी किंवा निपाणीकडची चामडी चप्पल हाती घ्यावी. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे. चामडे म्हणजे त्वचेचा आतला थर. त्यात कोलॅजनचे जाड जुडगे सर्व दिशांना गुंतलेले असतात, म्हणून ते कोणत्याही बाजूने ओढले तरी सहज फाटत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन या तंतूंना घट्ट बांधते, आणि कातडे कमावणे म्हणतात ते हेच. चपला बनवणाऱ्या घरातील एका विद्यार्थिनीने कापलेल्या तुकड्याची कड भिंगाखाली धरून तंतूंची गुंतवळ साऱ्या वर्गाला दाखवली होती. तेवढे स्पष्ट मला फळ्यावर कधीच काढता आले नव्हते.

रक्ताबद्दल थोडक्यात: त्यात सुमारे 55 टक्के रक्तद्रव असतो, तोच आधारक, तंतू मात्र रक्त गोठतानाच दिसतात. लसिका या द्रवरूप ऊतीतही द्रव हाच आधारक असतो.

शेवटी आकृती. पेशी आधी काढू नयेत. विरल ऊतीत प्रथम तंतूंचे सैल जाळे काढून त्यात तुरळक पेशी ठेवाव्यात. कास्थीत एकसंध पार्श्वभूमी काढून छोट्या पोकळ्यांत दोन-तीन पेशी एकत्र दाखवाव्यात. अस्थीत मधल्या नलिकेभोवती समकेंद्री वर्तुळे आखावीत आणि त्या वर्तुळांच्या मध्ये, एकेका पोकळीत एकच, बारीक फांद्या फुटलेली अस्थिपेशी काढावी.